कुत्र्याला सलाईन

आमचा कुत्रा माझ्या मुलीच्या वयाचा होता. बाळंतपण आटोपून मी माहेराहून परत आले त्याच आठवड्यात मामा पाचाडहून ते पिल्लू घेऊन आले. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. पिल्लू पडवीत सोडून ते सासूबाईंना म्हणाले, "घरात एक तरी नर यायला पायजे व्हता." मी आतल्या खोलीत मुलीला पाजत होते. मला ऐकू जावं म्हणूनच ते जरा मोठ्याने बोलले असं मला तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं.

कुत्रा मोठा झाला. काळा कुळकुळीत, छाती रुंद. मामा त्याला 'बाळा' म्हणायचे. मुलीला 'ए पोरी'. मासळीतला मधला तुकडा कुत्र्याला जायचा आणि मुलगी शेपटाकडचा खायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. मला तो कुत्रा कधी जवळ येऊ देत नसे. एकदा मी रात्रीचं उरलेलं कालवण टाकायला मागच्या दारी गेले तर त्याने पोटरीला दात लावले. मामा हसत म्हणाले, "परकं माणूस वळखतो तो."

सासर पोलादपूरच्या वर, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. नवरा मुंबईला कंपनीत. मी महाडच्या शाळेत शिकवते. रोज एसटीने खाली जायचं आणि एसटीने वर यायचं. घरी मामा, सासूबाई, मुलगी आणि मी. ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे, तेव्हा मे महिन्याची सुट्टी होती आणि मुलगी माझ्या भावाकडे गेली होती.

मे महिन्यात मामांचा एक खेळ असायचा. जेवण झालं की रायवळ आंब्यांची टोपली घेऊन ते पडवीत बसत. आंबा चोखायचा आणि कोय कुत्र्याकडे भिरकावायची. कुत्रा ती वरच्या वर झेलायचा, मामा मांडीवर थाप मारायचे. बहुतेक वेळा तो कोय चघळून टाकून देई. पण रायवळची कोय लहान असते, बुळबुळीत असते. त्या आठवड्यात मी एकदा म्हटलं होतं, "मामा, गिळेल तो एखादी."

"तुजा शानपना शाळंत दाखव," मामा म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी कुत्रा पहिल्यांदा ओकला. आधी भात पडला, मग पिवळं पाणी. "उनाचा झाला आसंल," मामा म्हणाले. त्यांनी त्याच्यापुढे ताक ठेवलं. कुत्र्याने ते सगळं पिऊन टाकलं आणि तिथेच पुन्हा बाहेर काढलं. रविवारी सकाळी मी उठून आले तर अंगणात जागोजाग फेसाचे डाग होते आणि तो पायरीशी उभा राहून कण्हत पोट आत ओढत होता. बसला तरी त्याला बरं वाटत नव्हतं, उभा राहिला तरी नव्हतं.

रविवार. पोलादपूरचा जनावरांचा सरकारी दवाखाना बंद. मामांनी तरीही मोटारसायकलवाल्या एका शेजाऱ्याला खाली पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "कुलूप हाय. बाजूच्या टपरीवाला बोलला, उद्या या."

तोवर आमच्या अंगणात चार माणसं जमली होती. जनावर आजारी पडलं की आमच्याकडे माणसं जमतात आणि प्रत्येकाला काही तरी ठाऊक असतं. कुणी म्हणालं, पोटात विष गेलं असेल, ते ओकून पडू दे. मग मिठाचं पाणी कालवलं. बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणली. दोघांनी कुत्र्याचा जबडा फाकला आणि मामांनी स्वतः नळी आत घातली. अर्धं पाणी त्याच्या नाकातून आलं. मग तो असा ओकला की मागचे पाय गेले आणि तो आपल्याच ओकारीत बसला. मामांनी घरात जाऊन आपल्या गुडघेदुखीची गोळी आणली, गुळात दाबली आणि त्याच्या घशात बोटाने सारली.

मी म्हटलं, "माणसाची गोळी देऊ नका. मी डॉक्टरला फोन करते."

"कर की," मामा म्हणाले. "उगाच हुबी का ऱ्हायलीस?"

शाळेतल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी म्हशी आहेत. तिच्याकडून मी महाडच्या एका खाजगी डॉक्टरांचा नंबर घेतला. आमच्या घरात फोन लागत नाही, त्यासाठी मागच्या माळावर चढावं लागतं. मी चढले. दोनदा घंटी पूर्ण वाजून गेली. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "थांबा, कानाला लावतो त्यांच्या."

"बोला लवकर," डॉक्टर म्हणाले. "मी तुडीलला आहे. म्हैस अडलीय, हात आत आहे माझा."

मी सांगितलं. ते प्रश्न विचारत गेले. कधीपासून? पाणी टिकतं का? रक्त पडलं का? पोट ढोलासारखं फुगलंय का? नुसत्या उबळी येतात आणि काहीच पडत नाही, असं होतं का? शी झाली का? गेल्या दोन दिवसांत काय गिळलं असेल?

"आंब्याची कोय," मी म्हटलं.

पलीकडे म्हैस हंबरली. मग डॉक्टर म्हणाले, "हिरड्या बघितल्या का? ओठ वर करा, हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी होते का ते बघा."

"चावेल तो मला."

"चावेल तर चावेल. बघा. खायला काही देऊ नका. दूध नाही, ताक नाही, लिंबू नाही. पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवू नका, घटाघटा पिईल आणि सगळं काढेल. चमच्याने द्या, थोडं थोडं, टिकलं तरच पुढचं. नाहीतर ओलं फडकं जिभेला लावा. सावलीत ठेवा. ओकारी एका पिशवीत भरून आणा. आणि घरातलं कुठलंही औषध देऊ नका."

"दिलं. मिठाचं पाणी. आणि गुडघ्याची गोळी."

त्यांनी एक शिवी दिली. मला की म्हशीला, कळलं नाही. "गोळीची पट्टी घेऊन या. उद्यावर ढकलू नका. ज्याला पाणी टिकत नाही तो उद्यापर्यंत थांबत नाही. मी दुपारी महाडला पोचतो, तुम्ही आधी येऊन थांबा."

मी माळ उतरत होते तेव्हा ओरडणं ऐकू आलं. कुत्र्याचा तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पळत खाली आले तर अंगणात जळलेल्या केसांचा वास होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विळा चुलीत लाल करून कुत्र्याच्या पोटावर डाग दिला होता. गुरांना देतात तसा. दोघांनी पाय धरले होते. डोकं मामांनी आपल्या मांडीवर दाबून धरलं होतं आणि मामा रडत होते. "झाला बाळा, झाला रे, झाला," असं म्हणत ते त्याच्या कानांवरून हात फिरवत होते. विळा दुसऱ्या डागासाठी पुन्हा चुलीत ठेवला होता. मी तो विळा उचलला आणि पाण्याच्या बादलीत घातला. म्हातारा म्हणाला, "एका डागानं गुन येत नाय गो."

खरं सांगायचं तर मला कुत्र्याची तितकी दया आली नव्हती. मला दुसरंच आठवत होतं.

मुलीच्या वेळी तिसऱ्या महिन्यात मला उलट्या लागल्या होत्या. सगळ्यांना लागतात तशा नव्हे. पाण्याचा घोटसुद्धा आत राहत नव्हता. लघवी गडद होऊन जवळजवळ बंद झाली होती. उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. याच पडवीत बसून मामा म्हणाले होते, "थेरं हायत सगळी. आमच्या आयांनी न्हाय पोरं काढली?" सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवून दार लावलं आणि मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. त्या धुराने मी इतकी ओकले की घशातून रक्त आलं. दार उघडल्यावर सासूबाईंनी शेणाची पाटी पुढे ठेवली. ज्याची घाण त्याने सारवायची. मी सारवलं. शेणाच्या वासाने पुन्हा ओकले आणि तेही सारवलं. शेवटी माझा भाऊ सहज भेटायला म्हणून आला, त्याने मला उचललं आणि महाडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. बाईंनी भावाला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" त्याने खाली मान घातली. त्याचा काय दोष होता?

म्हणून त्या रविवारी मामा रडत होते तेव्हा मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. पुरेसा वेळ उभी राहिले. मग कुत्र्याचा ओठ वर केला. त्याने गुरगुर केली, पण चावायची ताकद उरली नव्हती. हिरडी फिकट होती. दाबलेली जागा बराच वेळ पांढरी राहिली.

"गाडी बघा," मी मामांना म्हटलं. त्यांना मी असा हुकूम पहिल्यांदाच देत होते, आणि ते उठले.

वाडीत एकाची इको होती. तो म्हणाला, कुत्रा गोणीत घालाल तर नेतो, गाडी घाण व्हायला नको. मग खताच्या रिकाम्या गोणीत त्याला गळ्यापर्यंत घातलं. डागावर गोणी घासली की तो दर वळणावर कण्हायचा. चालवणारा हसून म्हणाला, "मामा, लग्नाला चाललाव का वऱ्हाड घेऊन?" हायवेला लागल्यावर मी चमच्याने पाणी द्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या चमच्याला तो ओकला. मग मी ओढणीचं टोक भिजवून त्याच्या जिभेला लावत बसले. मामांना म्हटलं, तुम्ही लावा. त्यांनी लावलं तर ते टोक जिभेऐवजी त्याच्या डोळ्यात गेलं. सात-आठ वर्षांत त्या कुत्र्याची जीभ माझ्या हाताला लागली ती त्या दिवशी पहिल्यांदा. कोरडी, गरम, खरखरीत. मला शिसारी आली, तरी मी लावत राहिले. तो जगावा असं मला वाटत होतं. प्रेमाने नव्हे. ओकून ओकून सुकलेल्या जिवाचं काय होतं आणि त्याला वेळेवर दवाखाना दाखवला की काय होतं, हे मामांनी डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी.

महाडला डॉक्टरांच्या बंद शटरपुढे आम्ही पायरीवर बसलो. मामा गोणीतल्या डोक्यावर उपरण्याने वारा घालत होते. इकोवाला कंटाळून चहाला गेला. डॉक्टर आले तेव्हा त्यांचा शर्ट कोपराच्या वरपर्यंत चिकट होता. म्हैस वाचली, पारडू मेलं, एवढंच ते म्हणाले आणि शटर वर केलं.

गोणी कापून त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतलं. पोट दाबत गेले. एका जागी बोटं थांबली. मग त्यांना डाग दिसला.

"हा कुणी दिला?"

मामा माझ्याकडे बघत होते.

"बाबा, तुमचं पोट दुखायला लागलं की तुम्हाला देतात का असा?" डॉक्टरांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहीतरी अडकलंय आतड्यात. कापावं लागेल. मोठ्या ठिकाणी न्यायचं तर पनवेल, पण तेवढा वेळ तो काढेल असं वाटत नाही. मी गुरांची पोटं उघडतो, कुत्र्याचं क्वचित. आतडं आतून काळं पडलं असेल तर वाचणार नाही. काय करू?"

"कापू नका," मामा म्हणाले.

"मग घरी न्या. मरेल."

मामा भिंतीला टेकले. मग म्हणाले, "करा."

आधी सलाईन लावलं. पुढच्या पायाचे केस काढून सुई घातली आणि बाटली खुंटीला टांगली. बाटली उतरत गेली तसा कुत्रा बदलत गेला. डोळे हलायला लागले. मग त्याने मान उचलली आणि मामांना बघून शेपटी टेबलावर एकदा आपटली. मामांचा चेहरा असा फुलला, जसा मी माझ्या मुलीच्या बारशालाही पाहिला नव्हता. "बघ गो," ते मला म्हणाले, "नुसत्या पान्यानं बघ कसा टवटवला!"

मी म्हटलं, "मामा, मुलीच्या वेळी मला असंच होत होतं. माझंही पाणी टिकत नव्हतं. तेव्हा मला तुमच्यापैकी कुणी आणलं नाही."

ते कुत्र्याच्या पंजाला हात लावून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईमानसाचा येगला आसता," ते म्हणाले. "बाया वकतातच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडतो, नदी वाहते, असं सांगावं तसं सांगितलं. डॉक्टर हात धूत होते. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा हात धुऊ लागले.

डॉक्टरांचा मदतनीस तुडीललाच राहिला होता. त्यामुळे कापताना बॅटरी मी धरली. मामा बाहेर गेले, त्यांना बघवत नव्हतं. आतडं एका ठिकाणी फुगून जांभळं झालं होतं. डॉक्टरांनी चीर दिली आणि कोय चिमट्याने बाहेर काढली. तिच्या केसरांत आतल्या घाणीचा गुंता झाला होता. ती त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली, ठण्णकन आवाज आला. शिवून झाल्यावर त्यांनी मामांना आत बोलावलं आणि ट्रे पुढे केला.

मामांनी कोयीकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "हिनंच टाकली आसंल अंगनात. घरात ध्यान नाय हिचा, सगला शाळंत."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही फेकत होता. रोज. मी नको म्हणाले होते."

त्यांचा हात वर उठला. डॉक्टर मध्ये उभे होते, हातात ट्रे. मामांचा हात तसाच खाली आला आणि त्यांनी तो धोतराला पुसला. आम्ही इकोने परत आलो. कुत्रा दवाखान्यातच ठेवला होता.

सोमवारी तो उभा राहिला. मामांनी दोन एसट्या बदलून जाऊन त्याला पाहिलं. येताना महाडहून पेढे आणले आणि ज्या म्हाताऱ्याने डाग दिला त्यालाही दिले. मंगळवारी मी माळावर चढले तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. आतड्याची शिवण धरली नव्हती. आतडं आधीच बरंच खराब झालं होतं, शनिवारी रात्रीच आणलं असतं तर कदाचित वाचला असता. सकाळी तो पुन्हा ओकायला लागला आणि दुपारी मेला.

मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग पडवीत उभे राहून वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "फाडून मारला हिनं माझा पोर." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं. दुसरा डाग दिला असता तर जगला असता, असंही झालं. पाण्यावर गेले की बायका गप्प व्हायच्या. सासूबाई माझं ताट वेगळं वाढायला लागल्या.

आठवड्याने भाऊ मुलीला सोडायला आला. ती अंगणात आली, कुत्रा कुठे दिसेना म्हणून तिने हाक मारली, मग आजोबांना विचारलं. मामा म्हणाले, "तुज्या आयशीनं मारला."

मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. पिशवी अजून तिच्या खांद्यावर होती. मला वाटलं, आत न्यावं, दार लावावं, मग हळूच सांगावं. मी तसं केलं नाही. तिला तिथेच पायरीवर बसवलं आणि मामांच्या समोर सगळं सांगितलं. आंब्याचं सांगितलं, नळीचं, गोळीचं, विळ्याचं. मग ती पोटात होती तेव्हाच्या मिरच्यांचं आणि शेणाच्या पाटीचंही सांगितलं. मुलांना सांगायच्या गोष्टी नाहीत त्या, मला ठाऊक आहे. भाऊ मधेच म्हणाला, "राहू दे गो आता." मी थांबले नाही. मामा उठून गोठ्याकडे गेले नाहीत की ओरडले नाहीत. तंबाखू मळत बसून राहिले, जणू मी कुणा तिसऱ्याच घराचं सांगत होते.

मुलीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग आपण इथे कशाला राहतो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरं होती. नवऱ्याचं घर, लोक काय म्हणतील, शेतात आपला वाटा. मी ती मनात एकेक काढून बघितली आणि तिला त्यातलं एकही देता आलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी मी महाडला खोली घेतली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एका कुत्र्यावरून घर सोडतेस?"

"हो," मी म्हटलं, आणि सामान न्यायला टेम्पोचं भाडं किती होईल ते त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी एका टेम्पोवाल्याला फोन लावला.